तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ध्यावर राहिलेला सिनेमा

पुण्यात मी चिनी भाषेचे वर्ग घेते, त्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत एक प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला आहे. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी, लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनीसुद्धा. "तिकडे सगळं सरकारच्या मंजुरीने चालतं. मग ते सिनेमे, त्या मालिका बघून तुम्हाला खरं असं काय सापडतं?" दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी मोकळी होते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज नीट सांगते.

२०१३ ते २०१५ मी बीजिंगमध्ये शिकत होते. तिथे भाषा शिकणारे एकमेकांना धरून असतात. मी एका मुलीला इंग्रजी शिकवायची, ती माझं चिनी सुधारायची. ती हूनान प्रांतातली, आईवडिलांची एकुलती एक. ओळख होऊन सहाएक महिने झाल्यावर एकदा चालता चालता तिने सांगितलं, की तिला मुली आवडतात. घरी मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या सुमाराला फान पोपो या दिग्दर्शकाचा 'मामा रेनबो' हा २०१२चा माहितीपट तिथल्या मोठ्या व्हिडिओ साइटांवर उघडपणे बघायला मिळत होता. त्यात सहा आया आपल्या समलिंगी मुलामुलींबद्दल बोलतात. माझ्या मैत्रिणीने एका रात्री त्याची लिंक आईला पाठवली, सोबत काहीच लिहिलं नाही. आईने अर्धा बघितला. सकाळी लवकर कामाला जायचं होतं, म्हणून उरलेला रविवारी बघते असं कळवलं. रविवारी तो माहितीपट तिथे नव्हता. एका साइटवर नाही म्हणून दुसरीवर बघितलं, तिसरीवर बघितलं. सगळीकडून गेला होता.

फान पोपोने मग चौकशी केली. साइटवाल्यांकडून उत्तर मिळालं की आदेश वरून आला. चिनीत यासाठी 'शांगम्येन' असा शब्द आहे. त्याचा अर्थ अगदी आपल्या 'वरून'सारखाच, आणि वर म्हणजे नक्की कोण हे दोन्ही भाषांत विचारायचं नसतं. त्याने विचारलं. २०१५च्या सुरुवातीला त्याने सिनेमा-टीव्हीचा कारभार बघणाऱ्या सरकारी प्रशासनाला लेखी विचारलं, की असा आदेश तुम्ही दिलात का? असा कुठलाही कागद आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. तो बीजिंगच्या कोर्टात गेला. वर्षाअखेर निकाल लागला, तेव्हाही आदेशाचा पत्ता नव्हता. म्हणजे माहितीपट गेला होता आणि तो कुणीच काढलेला नव्हता. लेखी बंदीविरुद्ध निदान भांडता तरी येतं.

आणि चीनमध्ये समलिंगी असणं गुन्हा नाही, हे इथे फार कमी लोकांना माहीत असतं. १९९७ मध्ये फौजदारी कायद्यातलं 'गुंडगिरी'चं कलम गेलं. पूर्वी त्याखाली अशा लोकांना पकडता यायचं. २००१ मध्ये मानसिक आजारांच्या यादीतूनही हा विषय बाहेर पडला. आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल २०१८ला लागला, म्हणजे कागदोपत्री ते आपल्यापेक्षा एकवीस वर्षं पुढे होते. मग एका आईने दुसऱ्या आयांचं बोलणं ऐकलं तर कुणाचं काय बिघडत होतं?

सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कापलेली दृश्यं येतात. माझ्याही यायची. त्या रविवारनंतर मात्र मला दिसायला लागलं, की तिथली कात्री दृश्यांपेक्षा माणसांच्या भेटीगाठींवर जास्त चालते. एकट्याने घरात काय बघता याची फारशी फिकीर कुणाला नसते. दहा जण एकत्र बसून बघायला लागले, एकमेकांची नावं विचारायला लागले, की वीज जाते, जागेचा मालक भाडेकरार मोडतो, पोलीस ओळखपत्रं तपासायला येतात.

बीजिंगचा क्वीअर, म्हणजे समलिंगी आणि तत्सम लोकांचा, फिल्म फेस्टिव्हल २००१ मध्ये विद्यापीठातल्या मुलांनी सुरू केला होता. तेव्हापासून त्यांची जागेमागून जागा गेली. २०१४ साली त्यांनी जागा शोधणंच सोडलं आणि आगगाडीची तिकिटं काढली. येणाऱ्यांना फक्त लॅपटॉप आणायला सांगितलं होतं. गाडी बीजिंगहून सुटली, डब्यात पेन ड्राइव्ह हातोहात फिरले आणि सगळ्यांनी एकाच क्षणी सिनेमा सुरू केला. डबाभर लोक, प्रत्येकाच्या मांडीवर तेच दृश्य. तिकिटं खरी, प्रवास खरा, त्यामुळे कुणाला उठवायचं म्हटलं तरी कारण काय सांगणार? मी त्या गाडीत नव्हते, याची हळहळ मला आजही वाटते.

ही माणसं एकमेकांना 'तोंगझी' म्हणतात. हा मुळात कम्युनिस्ट पक्षाचा शब्द, म्हणजे कॉम्रेड. त्यातल्या दोन अक्षरांचा अर्थ 'समान' आणि 'ध्येय'. हाँगकाँगमधल्या एका सिनेमहोत्सवाने १९८९ मध्ये तो समलिंगी लोकांसाठी वापरला आणि तिथून तो चीनच्या मुख्य भूमीवर पसरला. मला या शब्दाबद्दल फार माया आहे. सरकारला हा शब्द बंद करता येत नाही, कारण त्याच्याशिवाय सरकारचीच भाषणं अडतील.

आता मालिकांकडे येते, कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्यांच्यामुळेच चिनी शिकायला येतात. टीव्ही मालिकांसाठीची एक नियमावली २०१६ मध्ये लोकांसमोर आली. तीत समलिंगी संबंध 'अस्वाभाविक' ठरवून दाखवायला मनाई केली होती. पण दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या, ज्यांना तिथे 'दानमेई' म्हणतात, इंटरनेटवर अफाट वाचल्या जात होत्या. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बायकाच. व्हिडिओ कंपन्यांनी कादंबऱ्यांचे हक्क घेतले, प्रेम काढून टाकलं आणि त्या जागी जिवाभावाची मैत्री बसवली. २०१९ची 'द अनटेम्ड' अशीच झाली. प्रेक्षकांच्या जिवावर पैसा मिळवायचा आणि त्यांना हवं ते मात्र पुसायचं, याचा मला राग येतो.

पण प्रेक्षक काय करतात ते बघा. चिनी ऐतिहासिक मालिकांचे संवाद बहुतेक वेळा नंतर डबिंग करून भरतात, त्यामुळे चित्रीकरण झाल्यावरही शब्द बदलता येतो. २०२१च्या 'वर्ड ऑफ ऑनर'मध्ये कितीतरी ठिकाणी ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच. चाहत्यांनी आवाज बंद केला आणि ओठ वाचले. मग तो धागा धरून हजारो जण मूळ वाक्यं जुळवत बसले. माझ्या वर्गातली एक मुलगी असाच तुकडा घेऊन आली होती. "मॅडम, मला सूर नीट कळतात का ते बघायला आणलंय," म्हणाली, आणि आवाज बंद करून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, पण आवाजच नाही तर सूर कुठले? आम्ही पाऊण तास एकाच वाक्याशी झगडलो. पुण्यात बसून ती त्या हजारोंमधली एक झाली होती. तिला काय शिकायचं होतं ते मला कळलं आणि त्या दिवशी धडा पुढे गेला नाही याचं मला काही वाटलं नाही.

त्याच वर्षी, २०२१मध्ये, दोर आणखी आवळला. तयार होऊन पडलेल्या अशा मालिका प्रसारितच झाल्या नाहीत. जुलैमध्ये विद्यापीठांतल्या समलिंगी विद्यार्थ्यांच्या गटांची वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवरची खाती एका रात्रीत बंद झाली. खात्याच्या जागी 'अनामिक खातं' एवढीच अक्षरं उरली. इतक्या गटांची नावं गेली आणि सगळ्यांना मिळून एकच नाव मिळालं. लगेच कितीतरी जणांनी "आम्ही सगळे अनामिक खातं" असं लिहायला सुरुवात केली. नेहमी लोकच हरतात असंही नाही. एप्रिल २०१८ मध्ये वेइबो या ट्विटरसारख्या चिनी साइटने समलिंगी मजकूर काढायची मोहीम जाहीर केली, तेव्हा लोक "मी समलिंगी आहे" असं स्वतःच्या नावाने लिहीत सुटले. आयांनीही लिहिलं. तीन दिवसांत कंपनीला समलिंगी मजकुराबाबतचं पाऊल मागे घ्यावं लागलं.

तुम्ही विचारता खरं काय सापडतं, तर मला हे सापडतं. पडद्यावरच्या गोष्टीइतकीच ती बघायला धडपडणारी माणसं मी बघत असते.

माझ्या मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. २०१५च्या वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, ती घरी गेली, तेव्हा तिने माहितीपट पेन ड्राइव्हवर नेला होता. तो तिला कुणाकडून मिळाला हे मी विचारलं नाही. आईने अर्धा आधीच बघितलेला, म्हणून ती मधूनच लावायला गेली. आई म्हणाली, पहिल्यापासून लाव. तिने मावशीलाही बोलावून ठेवलं होतं.