बोयाखालचं टक्कल

चौथ्या वर्षी आम्ही ड्रोनचे सगळे फोटो पहिल्यांदा एकावर एक ठेवून बघितले, आणि समुद्री गवताच्या हिरव्या पट्ट्यात एक टक्कल दिसलं. पहिल्या वर्षी ते नव्हतं. दुसऱ्या वर्षी पुसट डाग, तिसऱ्या वर्षी स्पष्ट, आणि आता कंपासने काढावं इतकं गोल. व्यास १२ मीटर.

समुद्री गवत म्हटलं की लोकांना शेवाळ वाटतं. पण ही मुळं, खोड, पानं आणि चक्क फुलं असलेली झाडं. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज जमीन सोडून परत समुद्रात गेले. हरळीसारखं त्यांचं आडवं खोड गाळाखालून पसरत जातं आणि अख्खा तळ बांधून ठेवतं. म्हणूनच मधेच भोक पडलं की पोटात गोळा येतो.

बैठकीत ज्याचा त्याचा आवडता संशयित पुढे आला. एकजण उष्णतेच्या लाटेवर ठाम होता. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये २०१०-११ च्या लाटेने एक तृतीयांशाहून जास्त कुरणांचं नुकसान झालं, हे त्याचं हुकमी उदाहरण. दुसरीला रोगाची शंका होती. १९३० च्या दशकात लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवाने अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचं ईलग्रास नावाचं समुद्री गवत जवळजवळ साफ केलं होतं. मी मात्र कासवांवर पैज लावून होते. डुगाँगचं, म्हणजे समुद्री गवत खाणाऱ्या समुद्रगाईचं, नाव लगेच बाद झालं, कारण तो चरत जातो तेव्हा मागे लांबलचक पट्टे राहतात, वर्तुळं नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला निघालो. नेहमीच्या बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला, बोट बांधली आणि टकलाच्या मध्याचे आकडे जीपीएसमध्ये टाकले. अंतर दाखवलं ४ मीटर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

मास्क चढवून खाली गेले. वर्तुळाची कड कुदळीने कापल्यासारखी होती, वीतभर उंच पायरी. तिच्यातून थॅलेसिया या समुद्री गवताची खोडं बाहेर लोंबत होती, उसवलेल्या गोधडीचे दोरे लोंबावेत तशी. पानं जवळून तपासली. रोगाचे काळपट चट्टे नव्हते. चावल्याच्या खुणाही नव्हत्या. कासव पान कुरतडतं, खोड सहसा जागेवर ठेवतं. इथे उलटंच, पानं धड आणि खोडं तुटलेली. कडेखालचा काळा गाळ चिमटीत धरून वर आणला तर कुजक्या अंड्याचा भपकारा आला. जिवंत मुळं भोवतीच्या गाळात थोडा ऑक्सिजन सोडत राहतात आणि त्यामुळे सल्फाइडचं विष मुळांपासून दूर राहतं. मुळंच गेली की ते संरक्षणही संपलं.

पुन्हा खाली गेले आणि माझ्या डाव्या बाजूने साखळी आली.

वारा फिरला होता, बोट वळत होती आणि बोयाची साखळी तळावरून घासत मागे येत होती. सावकाश, अगदी सावकाश. पुढे गाळाचा छोटासा ढग. कडेची पानं तिच्याखाली आडवी झाली, ती पुढे सरकल्यावर पुन्हा उभी राहिली. एक झुपका मात्र उभा राहिला नाही. तो मुळासकट सुटला आणि माझ्या चेहऱ्यासमोरून वर तरंगत गेला.

वर येऊन हिशेब केला. साखळी १० मीटर, भरतीच्या पाण्यासाठी मुद्दाम लांब ठेवलेली. ओहोटीला पाणी ४ मीटर. उरलेले ६ मीटर तळावर. त्रिज्या ६, व्यास १२.

तो बोया आमचा होता. पहिल्या वर्षी आम्हीच टाकलेला, दरवेळी नांगर टाकून गवत उपटायला नको म्हणून! इतकंच नाही, फोटो एकावर एक बसवताना जी पक्की खूण धरली होती, तो मधोमध दिसणारा केशरी ठिपकाही हाच बोया. आमच्या अहवालात पर्यटक बोटींच्या नांगरांवर एक खरमरीत परिच्छेद आहे. तो मी लिहिलेला आहे.

नावाड्याला विचारलं, साखळी खाली घासते हे तुम्हाला माहीत होतं का?

"घासते की मॅडम. रात्री बोटीवर झोपलं की कर्र कर्र ऐकू येतं."

चार वर्षं आम्ही त्याच्याच बोटीवर बसून प्रकाश मोजत होतो. या गवताला सरासरी पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या ११ टक्के तरी प्रकाश लागतो, त्यामुळे कोण गाळ ढवळतो यावर आमची बारीक नजर होती. १८७९ ते २००६ या काळात जगातल्या ज्ञात कुरणांपैकी २९ टक्के गेली, हा आकडा मी प्रत्येक भाषणात सांगते. आमचे ११३ चौरस मीटर त्यात धरलेले नाहीत.

परतताना तक्ता भरायला घेतला. 'संभाव्य कारण' या रकान्यात वादळ, चराई, रोग, नांगर किंवा साखळी, इतर. खूण केली. पुढचा रकाना 'बोटीचं नाव'. तो पूर्वी कधीच भरावा लागला नव्हता. पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून बसले, मग नाव लिहिलं.

साखळी त्याच महिन्यात काढली. तिच्या जागी दोर आला आणि दोराच्या मध्यावर एक छोटा तरंगता गोळा बांधला, म्हणजे पाणी उतरलं तरी ढिला भाग तळाला टेकत नाही. चौदा महिन्यांनी त्या जागी मोजणीची चौकट ठेवली तेव्हा वाळूत हॅलोफिलाच्या जोडपानांच्या तीन-चार ओळी दिसल्या. ही पहिली येणारी, झपाट्याने पसरणारी जात. थॅलेसिया अजून कडेलाच आहे. पायरी थोडी ढासळून उताराची झाली आहे आणि तिच्यावरून एक पांढरं, टोकदार खोड आत झुकलं आहे. त्याच्या टोकाशी आम्ही एक खिळा रोवलाय, पुढच्या वेळी मोजायला.