सहा आठवड्यांत ऑर्गेनिक केमिस्ट्री

अमेरिकी विद्यापीठांत एक सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं असतं. तोच ऑर्गेनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग समर टर्ममध्ये बऱ्याच ठिकाणी सहा आठवड्यांत उरकतात. एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, हा तिथला रूढ हिशेब. तीन क्रेडिटचे एकूण १३५ तास झाले, म्हणजे सहा आठवड्यांत आठवड्याला साडेबावीस. लॅब वेगळी. तास काही अशक्य नाहीत, पण शिकलेलं मुरायला मधे जो वेळ लागतो तो मिळत नाही. सोमवारी शिकवलेलं शुक्रवारी परीक्षेत येतं. एक दिवस दांडी मारली की नेहमीच्या सेमिस्टरचे अडीच दिवस गेले. सोबत फिजिक्स घ्यायचा मोह होतो, तो टाळाच.

टर्म सुरू व्हायच्या आधी लुईस आकृत्या, फॉर्मल चार्ज आणि रेझोनन्स हाताखालून गेलेले हवेत, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत ते झरझर उरकतात. पीकेएचे (आम्ल किती जोरदार ते सांगणारा आकडा; जितका लहान तितकं आम्ल जोरदार) मोजके आकडे मात्र सरळ पाठ करा: कार्बोक्झिलिक आम्ल ५, फिनॉल १०, पाणी १५.७, अल्कोहोल १६ ते १८, टर्मिनल अल्काइन (टोकाला तिहेरी बंध असलेलं) २५, अमोनिया ३८. एवढ्यावर बरंच सुटतं. टर्मिनल अल्काइनचा प्रोटॉन काढायला सोडियम हायड्रॉक्साइड का चालत नाही आणि सोडियम अमाइड का चालतं, हे २५ च्या एका बाजूला १५.७ आणि दुसऱ्या बाजूला ३८ ठेवलं की दिसतं, कारण प्रोटॉन घेऊन हायड्रॉक्साइडचं पाणी होतं आणि अमाइडचा अमोनिया.

खरी पडझड होते ती सब्स्टिट्यूशन (एक गट जाऊन त्याच्या जागी दुसरा येणं) आणि एलिमिनेशनमध्ये (गट आणि हायड्रोजन निघून दुहेरी बंध होणं). बारावीला हॅलोअल्केनच्या धड्यात एसएन-१, एसएन-२ (सब्स्टिट्यूशनचे दोन मार्ग; एलिमिनेशनचे तसेच ई-१, ई-२) झालेलं असतं, म्हणून महाराष्ट्रातून आलेली मुलं इथे गाफील राहतात. आधी कार्बन बघा (त्याला आणखी एक कार्बन जोडलेला असेल तर प्रायमरी, दोन तर सेकंडरी, तीन तर टर्शरी), मग रिएजंट, शेवटी सॉल्व्हंट. प्रायमरी असेल तर एसएन-२, फक्त टर्ट-ब्युटॉक्साइडसारखा अवजड बेस असेल तर ई-२. टर्शरीवर एसएन-२ विसरा: जोरदार बेस असेल तर ई-२, नुसतं पाणी किंवा अल्कोहोल असेल तर एसएन-१ आणि त्याच्या जोडीला थोडं ई-१. गोची सेकंडरीची. आयोडाइड, अझाइड, सायनाइड यांच्याबरोबर डीएमएसओसारख्या सॉल्व्हंटमध्ये एसएन-२ धरा. हायड्रॉक्साइड किंवा इथॉक्साइड आलं की एलिमिनेशन वरचढ ठरतं. २-ब्रोमोप्रोपेन आणि सोडियम इथॉक्साइड इथेनॉलमध्ये तापवलं तर बहुतांश प्रोपीनच मिळतं, ईथर थोडं.

सायक्लोहेक्झेन आलं की त्याच्या वलयाचा खुर्चीसारखा आकार काढल्याशिवाय उत्तर लिहू नका. ई-२ला हायड्रोजन आणि जाणारा गट दोन्ही अ‍ॅक्शियल (वलयाला उभे) आणि एकमेकांच्या उलट दिशेला लागतात. मेन्थिल क्लोराइड झैत्सेव्हचा नियम (जास्त फांद्यांचं अल्कीन जास्त बनतं) मोडून २-मेन्थीन देतं ते याचमुळे, आणि परीक्षकांचा हा लाडका प्रश्न आहे.

मेकॅनिझम (अभिक्रिया पायरी-पायरीने कशी होते ते) वाचून येत नाही. रोज दहा-बारा, उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर. इलेक्ट्रॉनची हालचाल दाखवणारा बाण इलेक्ट्रॉनपासून निघतो. प्रोटॉनपासून बाण काढला की गुण गेले.

लॅब आठवड्यातून दोनदा, तीन-चार तासांची. पहिल्या प्रयोगांत बहुधा रिक्रिस्टलायझेशन (गरम द्रावणातून पुन्हा स्फटिक पाडून पदार्थ शुद्ध करणं) असतं. अ‍ॅसिटानिलाइड घ्या. १०० मिली उकळत्या पाण्यात ते साधारण ५.५ ग्रॅम विरघळतं, २५ अंशांना जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे २ ग्रॅमला ४० मिली पाणी पुरे, आणि तेवढ्यातही ०.२ ग्रॅम पाण्यातच राहणार. घाबरून ८० मिली ओतलं तर ०.४ ग्रॅम गेलं. तळाशी तेलकट थेंब दिसले तर ती अशुद्धी समजू नका. ते वितळलेलं अ‍ॅसिटानिलाइडच असतं. थोडं गरम पाणी घालून ढवळलं की विरघळतं. रंग काढायला कोळशाची पूड घालायची तर द्रावण जरा निवू द्या, उकळत्यात टाकली की उसळून बाहेर येतं. गरम असताना गाळताना फनेल आधी तापवून घ्या, नाहीतर स्फटिक फनेलच्या नळीतच बसतात. मग फ्लास्क टेबलावर नुसता राहू द्या; थेट बर्फात ठेवला तर बारीक भुकटी पडते आणि अशुद्धी आत अडकते. खोलीच्या तापमानाला आला की मग बर्फ. शेवटी दोन-तीन मिली गार पाण्याने धुवा, जास्त नको.

वजन मूळ घेतलेल्याच्या १०५ टक्के भरलं तर स्फटिक ओले आहेत. मेल्टिंग पॉइंट ११४ ऐवजी १०७ ते १११ असा पसरट आला तरी पहिला संशय पाण्यावरच घ्या. पुढच्या तासापर्यंत वाळू द्या आणि पुन्हा मोजा.