आभाळ तेवढं काढून टाका

धुळ्यात फोटोग्राफी करतो, लग्नं, प्री-वेडिंग, बारसं, येईल ते. ऑक्टोबरात लळिंगकडच्या एका घरातून काम आलं, बाबांची पंचाहत्तरी, बॅनरसाठी शेतातले फोटो पाहिजेत.

पाऊस उघडला की आमच्याकडचं आभाळ काही दिवस असं निळं होतं की सोडवत नाही, मे महिन्यात नुसतं पांढरट. पण माणूस आभाळापुढे उभा केला की चेहरा काळा नाहीतर आभाळ पांढरं, आणि इथे तर रापलेला चेहरा, वर पांढरीफेक टोपी, भोवती फुटलेली कपाशी! मोबाईलवाले म्हणतात एचडीआरला टाक, म्हणजे उजेड-अंधार दोन्ही सावरून घेणारा मोड. टाका मग, सुरकुत्याच गायब. ऊन चेहऱ्यावर परतवायला रिफ्लेक्टर धरला तर बाबांच्या डोळ्यांना पाणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मग ऊन पाठीमागून तिरपं घेतलं, आयएसओ १००, शटर १/२००, एफ ११, आधी आभाळ मनासारखं निळं करून घेतलं आणि चेहऱ्यापुरता सॉफ्टबॉक्समधून, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून, फ्लॅश. फ्लॅश लावून शटर याच्या वर नेलं की माझ्या कॅमेऱ्यात फोटोवर काळी पट्टी येते, हायस्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) लावलं तर फ्लॅशचा जोरच जातो, म्हणून लाईट होईल तेवढा जवळ, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. वाऱ्याने सॉफ्टबॉक्सचं शीड झालेलं, भाचा स्टँडला लटकलेला, आणि विजेच्या तारा फ्रेममध्ये नकोत म्हणून मी काळ्या मातीत पालथा. बाबा वरून विचारतायत, "पडना का रे भो?"

त्या हसण्यातच फ्रेम मिळाली. टोपीची शिवणसुद्धा दिसतेय, मागे निळंशार आभाळ आणि दोन ढग.

ओसरीत लॅपटॉप उघडला. सूनबाई बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "दादा, हा नको. श्रद्धांजलीचा वाटतो."

काय बोलणार? कुठल्याही चौकात बघा, भावपूर्ण श्रद्धांजलीच्या बॅनरवर मागे हेच आभाळ, हेच ढग. फ्लेक्सवाल्यांकडे एकच फाईल असते बहुतेक, माणूस कुठला का असेना, गेला की त्याच ढगात. त्यांच्या आळशीपणापायी खरं आभाळ बाद! मुलगा तर म्हणे, "आभाळ तेवढं काढून टाका ना, मागे कपाशी लावा." जे जमवायला अख्खी दुपार घातली तेच काढून टाका. शेवटी बॅनरवर बैलजोडीजवळचा गेला, मोबाईलवर काढला असता तरी चाललं असतं असा.

बाबांनी मात्र लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "हाऊच चांगला शे. तुनाजोडे ऱ्हाऊ दे, मंग कामले यी." सगळे हसले, सूनबाई आत निघून गेल्या.

फाईल जपून ठेवलीय, दोन ठिकाणी. यापेक्षा भारी पोर्ट्रेट माझ्या हातून झालेलं नाही, बाबांना विचारून दुकानात मोठी प्रिंट लावावी असं फार वाटतं. पण येणारं गिऱ्हाईक पहिलं काय विचारणार तेही माहितीये, "कधी वारले?"