भाचीचा पीसी आणि खोक्यावरचे आकडे

आमच्या ताईकडे टेबलाखालच्या त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि सीपीयू, झालं. मी वीस वर्षं सांगतोय की अगं सीपीयू म्हणजे आतली एवढीशी चौकोनी चकती, हा डबा म्हणजे कॅबिनेट, पण काही उपयोग नाही, आणि आता तर मीच फोनवर "सीपीयूच्या मागचं बटण बंद कर" असं बोलतो. तर नोव्हेंबरमध्ये तिचा फोन आला की हिला नवीन सीपीयू घ्यायचाय, कॉलेजचं काम जुन्यावर होत नाही, तू बघ काय ते, एक लाखाच्या आत बसव.

ही म्हणजे माझी भाची, नाशिकला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॉडेल बनवायला स्केचअप आणि रेव्हिट, आणि रेंडरला, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, डी५. पहिल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप आहे तिच्याकडे, ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायला, न्यायला ठीक आहे, पण रेंडर लावला की त्याचा पंखा असा सुटतो की शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही.

"मामा, गेमिंग लॅपटॉपच घेऊ ना, ४०६० वाला. माझ्या मैत्रिणीने घेतलाय."

इथूनच सुरुवात झाली सगळी. मी तिला म्हटलं की ४०६० हे नाव झालं गं, माल काय आहे ते बघ. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाला कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, म्हणजे पातळ फॅन्सी लॅपटॉपमधलं कार्ड आणि जाडजूड लॅपटॉपमधलं कार्ड, दोन्हीवर स्टिकर तोच, पण रेंडरला लागणारा वेळ सारखा नाही. आणि तो वॉटचा आकडा दुकानातल्या पाटीवर नसतो, कंपनीच्या साइटवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो. तिला हे पटलं नाही लगेच. पण मैत्रिणीचा लॅपटॉप कोणत्या वॉटचा आहे ते तिने विचारलं, मैत्रिणीला माहीत नव्हतं, मग पटलं.

डेस्कटॉप ठरला. मी खूश, कारण सहा-सात वर्षांत कुणासाठी मशीन जुळवलं नव्हतं. रात्री एक्सेल शीट उघडून बसलो, एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, त्यात रायझन ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ची ३२ जीबी रॅम, सगळं छान मांडलं आणि मग रॅमचा आजचा भाव बघितला. मला वाटलं पान चुकीचं उघडलंय. सप्टेंबरमध्ये ऑफिसातल्या एकाला सांगितलेला भाव मला पाठ होता, आता त्याच किटचे तिपटीच्या आसपास पैसे मागत होते. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागतेय, कारखाने तिकडचा माल आधी काढतायत, आणि आपल्यासारखे रॅमच्या दोन काड्या घेणारे रांगेत मागे. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीरच केलं की दुकानात मिळणारा क्रुशियल हा ब्रँड आम्ही बंद करतोय. जवळपास तीस वर्षं चाललेला ब्रँड. माझ्या पहिल्या रॅम अपग्रेडची काडी क्रुशियलची होती, त्यामुळे उगाच थोडं वाईट वाटलं.

मग डोक्यात प्रकाश पडला की माझ्या स्वतःच्या पीसीत २०२१ मध्ये घेतलेल्या डीडीआर४ च्या, म्हणजे आधीच्या पिढीच्या, १६-१६ जीबीच्या दोन काड्या पडून आहेत आणि मी त्यावर काय करतो तर ब्राउझर, यूट्यूब आणि इन्कम टॅक्सचा फॉर्म. त्या काड्या काढून तिला द्यायच्या, म्हणजे सॉकेट एएम४ चा घ्यावा लागेल, डीडीआर५ च्या बोर्डात डीडीआर४ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. एएम४ म्हणजे २०१७ पासून चालत आलेला सॉकेट, पुढे त्यावर भारीतलं काही नवीन येईल अशी आशा नाही, हे खरंय. पण तिची अजून अडीच वर्षं कॉलेजची, आणि रॅमचे वाचलेले सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात. डी५ चं रेंडर प्रोसेसरवर होतच नाही, सगळं कार्डावर होतं. स्केचअप आणि रेव्हिट मॉडेलिंगला बहुतेक वेळ प्रोसेसरच्या अनेक कोअरपैकी, म्हणजे आतल्या कामगारांपैकी, एकच राबवतात. म्हणजे २४ कोअरचा प्रोसेसर घेऊन २३ कोअर झोपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी डोंबिवलीहून निघालो, भाची आदल्या रात्रीच आली होती. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण तसं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही. ऑनलाइन घेतलं तरी चालतं हो, काही वस्तू तिथे स्वस्तही पडतात, पण मला खोकं हातात घेऊन त्याच्या बाजूचं स्टिकर वाचायचं असतं, आणि तिलाही ते एकदा दाखवायचं होतं.

पहिल्याच दुकानात प्रोसेसर मागितला, रायझन ७ ५७०० एक्स. काउंटरवरच्या माणसाने आत जाऊन खोकं आणलं, आणि भाव सांगितला तो माझ्या शीटपेक्षा कमी. मी खूश होणार तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, यावर एक्स नाहीये."

खरंच नव्हता. ५७०० होता, नुसता. तो माणूस म्हणाला साब सेम ही है, आठ कोर इसमें भी, देख लो. आणि खोक्यावर बघितलं तर तो खोटं बोलत नव्हता, तेच तर वाईट आहे. दोन्हीला ८ कोअर, १६ थ्रेड, दोन्ही ६५ वॉट, दोन्हीचा बूस्ट, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ४.६ गिगाहर्ट्झ. उलट नुसत्या ५७०० चा बेस क्लॉक, म्हणजे नेहमीचा वेग, ३.७ आहे आणि ५७०० एक्सचा ३.४, म्हणजे आकडे बघून निवडणारा माणूस नुसता ५७०० च उचलेल. पण आतला तुकडा वेगळा आहे. नुसता ५७०० हा त्या जी वाल्या, म्हणजे ग्राफिक्स आत असलेल्या, चिपमधलं ग्राफिक्स बंद करून विकलेला माल आहे, त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जवळची मेमरी, १६ एमबी, एक्समध्ये ३२. आणि मुख्य म्हणजे नुसता ५७०० पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला रस्ता, त्याच्या ३ नंबरच्या पिढीवर अडकलेला, एक्सवाला ४ वर चालतो. आता हे ३ आणि ४ चं प्रकरण कुणाला सांगायला जावं तर लोक जांभया देतात, पण आमच्या केसमध्ये त्याला महत्त्व होतं, कारण जे कार्ड घ्यायचं होतं त्याला १६ ऐवजी ८ च लेन असतात. आधीच अर्धा रस्ता, त्यात वेगमर्यादाही अर्धी.

मी हे सगळं त्याला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं एक्सवाला असेल तर द्या. होता त्याच्याकडे. आत जाऊन दोन मिनिटांत आणला. रागावलो नाही मी, कारण त्याला खरंच दोन्ही सारखेच वाटत असतील अशीही शक्यता आहे.

प्रोसेसर ट्रेवरचा घेऊ नका कधी, म्हणजे खोक्याशिवाय नुसत्या प्लास्टिकच्या चिमट्यात मिळतो तो. हजारभर रुपये वाचतात, पण खोक्यातल्याला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ट्रेवाल्याला दुकानदार जे देईल ते. एक्ससोबत पंखा येत नाही, कूलर वेगळा घ्यावा लागतो, हे लोक हमखास विसरतात आणि घरी येऊन कपाळावर हात. बोर्ड बी५५० चा, चार रॅम स्लॉटवाला, मागे वायफाय असलेला. खोक्यावर रायझन ५००० रेडी असं स्टिकर बघून घेतला, जुन्या स्टॉकचा बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, असला तर मशीन चालू होतं पण स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करायला चालणारा प्रोसेसर लागतो, जो आपल्याकडे नसतो.

कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय. हेही तसंच, एप्रिल २०२५ मध्ये एकाच नावाने दोन कार्डं आली, एकात ८ जीबी मेमरी, एकात १६. चिप तीच. दुकानातल्या पाटीवर फक्त ५०६० टीआय लिहून भाव टाकलेला असतो, तो अर्थातच ८ वाल्याचा. गेम खेळणाऱ्याला ८ मध्ये सेटिंग खाली करून भागवता येतं, पण भाचीच्या सीनमध्ये झाडं, गवत, दगडी भिंतीचे टेक्सचर हे सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं, नाही मावलं तर डी५ रखडतं नाहीतर सरळ बंद पडतं, आणि हे सबमिशनच्या आदल्या रात्रीच होतं. १६ वाला घेतला. एका कार्डातच निम्म्याच्या जवळपास बजेट गेलं, पण ठरलंच होतं तसं.

तिथून वडापाव. तिला मिरची झेपली नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. यावर मी जरा जास्त बोलतो, घरचे कंटाळतात. एका दुकानात कॅबिनेट बघत होतो, पुढे काच, तीन रंगीत पंखे, आणि आत एसएमपीएस फुकट, ५०० वॉटचा. भाचीला कॅबिनेट आवडलं. मी त्या एसएमपीएसचं बाजूचं लेबल वाचायला लावलं तिला. वर मोठ्या अक्षरात ५००, आणि खाली तक्त्यात प्लस १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर.

"गुणाकार कर."

"एकशे ब्याण्णव."

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली वीज त्या १२ व्होल्टमधूनच घेतात. आमचं कार्ड एकटं १८० वॉट खातं, प्रोसेसर ७६ पर्यंत जातो. मग लेबलवरचे ५०० कुठून आले तर ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट यांची बेरीज आणि थोडी कल्पनाशक्ती. असला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड घेऊन जातो. माझा २०१२ साली असाच गेला होता, टप्प असा आवाज आणि जळक्या माशासारखा वास, दोन दिवस खोलीत होता. ६५० वॉटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला वेगळा घेतला, त्याच्या तक्त्यात एकट्या १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या वर आकडा आहे. कॅबिनेट तसंच, रंगीत पंख्यांचं, तिच्या हट्टाने, पुढे जाळी असलेलं मात्र मी बघितलं, तोंडावर सगळी काच असली की हवा येणार कुठून.

एसएसडी एक टीबीची, एनव्हीएमई. एवढंच बघितलं की टीएलसी आहे की क्यूएलसी, म्हणजे आतली मेमरी टिकाऊ प्रकारची की स्वस्त, आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती डेटा लिहीपर्यंत टिकेल तो आकडा, किती. लावल्यावर ती विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, फसवलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

बिलाच्या वेळी एका दुकानात नेहमीचा प्रश्न आला, कच्चं चालेल का, १८ टक्के वाचतील. नाही चालणार. सिरियल नंबर छापलेलं जीएसटीचं बिल नसेल तर वॉरंटीला आपण कोण आणि ते कोण.

यूपीएस नाशिकलाच घ्यायला सांगितला ताईला, जड असतो. ती म्हणाली ६०० वाला आहे, घेऊ का? ६०० म्हणजे व्हीए, वॉट त्यात ३६० च. रेंडर चालू असताना मशीन तीनशेच्या आसपास, वर मॉनिटर, म्हणजे लाइट गेली की तो किंचाळून आडवा. एक हजार व्हीएचा घे म्हटलं. "तुमचे आकडे खरे कधी असतात रे?" असं ताई म्हणाली, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जोडणी माझ्या डायनिंग टेबलवर, रविवारी. तिने स्वतः केली, मी फक्त सूचना. रॅमच्या काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, टक् असा आवाज येईपर्यंत दाबायच्या, तिला भीती वाटत होती बोर्ड मोडेल म्हणून. वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची वायर आणि कार्डाची ८ पिनची वायर दिसायला बहिणी, पण एक ४ अधिक ४ आणि दुसरी ६ अधिक २, एकीच्या जागी दुसरी घुसवायची नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, सप्तरंगी उजेड पडला आणि स्क्रीन काळी. दहा मिनिटं आम्ही काड्या काढून घातल्या, वायरी तपासल्या, मला घाम. मग तीच मागे वाकून बघून म्हणाली की मामा एचडीएमआय तू वर लावलीय, बोर्डाला. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे बोर्डावरचं ते भोक नुसतं शोभेचं. ही एकच वायर मी लावली होती हे तिने ताईला फोनवर दोनदा सांगितलं.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू केलं, नाहीतर ३२०० च्या काड्या २१३३ वरच चालत बसतात आणि कुणाला वर्षानुवर्षं कळतही नाही.

मंगळवारी ती पीसी घेऊन गेली, भाऊजी गाडी घेऊन आले होते, कॅबिनेट मागच्या सीटवर उशांच्या मध्ये बेल्ट लावून. जुन्या लॅपटॉपवर रात्रभर लागणारा वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवणारा व्हिडिओ, आता जेवण होईपर्यंत निघतो म्हणे. मी माझ्या मशीनमध्ये ड्रॉवरमध्ये सापडलेली जुनी ८ जीबीची एकच काडी टाकलीय, आणि हे लिहिताना ब्राउझरचे चार टॅब उघडे आहेत, पाचवा उघडला की अक्षरं दोन शब्द मागून येतायत. रॅमचे भाव रोज सकाळी बघतो. आज परत चढलेत.