गोठ्यातली पुंगळी

कानबाईच्या सणाआधीचा आठवडा म्हणजे भुसावळच्या आमच्या पॉलिशच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. समया, तांबे, घंगाळी, सगळं त्याच चार दिवसांत चकाचक हवं असतं. त्या गर्दीत एक जण पोत्यात गुंडाळून तोफगोळ्याची रिकामी पुंगळी घेऊन आला. वडील फौजेत होते, निवृत्त होताना त्यांनी ती फुलदाणी म्हणून आणलेली. पितळ काळं पडलेलं, बुडाशी हिरवट पुटं.

चिंचेच्या पाण्यानं धुतली, मोटरवरच्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, धरली. बफखाली पिवळाधमक रंग वर आला आणि तोंडापासून खाली बोटभर लांब, केसासारखी चीर दिसली. हात तिथंच थांबला.

"काय व्हयनं भाऊ हाई? मन्हा बापनी आठवण शे ती!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मलाही वाटलं, जास्त दाबली की काय. बफवर पितळ चांगलंच तापतं.

रांगेत वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी पुंगळी हातात घेतली, चीर नखानं जराशी फाकवून उजेडाकडे धरली. आतल्या कडा काळ्या होत्या. "आज फुटली असती तर आतून पिवळी दिसली असती," ते म्हणाले, आणि त्याला विचारलं, "कुठं ठेवली होती?"

घराचं बांधकाम निघालं तेव्हापासून गोठ्यात. तीन पावसाळे, म्हशींच्या डोक्यावरच्या फळीवर.

काकांनी मग समजावलं. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. थंडच ओढून ओढून लांब केलेलं, त्यामुळे ताण आत दबून राहतो. तो नीट तापवून काढला नसेल आणि वरून मुताचा अमोनिया अन् दमट हवा मिळाली, की कणाकणांच्या सांध्यातून पितळ उकलतं. इंग्रजांच्या काळी पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची, म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. कारण नक्की कळायला 1921 उजाडलं. नाकात जाणारा वास येतो त्या डबाबंद पॉलिशमध्येही अमोनिया असतो. पुंगळ्या परत भरणारे नेमबाज ते टाळतात, अक्रोडाच्या टरफलाच्या नाहीतर मक्याच्या कणसाच्या भुग्यात घोळवून साफ करतात. (माझ्या फळीवर तसले दोन डबे होते. मी गप्प बसलो.)

चीर माझी नव्हती. पण काळ्या पुटाखाली ती झाकलेली होती, उघडी मीच पाडली. मजुरी घेतली नाही.

तो पुंगळी परत पोत्यात गुंडाळत होता. पायरी उतरता उतरता थबकला.

"कानबाईनी समई बी तठेच शे."

"ती ओतीव आहे, तिच्यात इतका ताण नसतो," काका म्हणाले. "पण आजच घरात आणा."