मीठ भाजी बसल्यावर

सहावीत असताना आमच्या हातून वांग्याचा एक अख्खा वाफा मेला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा तोच डोळ्यांसमोर आला.

कार्यानुभवाच्या तासाला सरांनी हौदामागची जागा तुकड्यांना वाटून दिली होती. आम्ही सपाट वाफ्यात बी फोकलं आणि मायेनं रोज दोनदा झारीनं पाणी घातलं. रोपं दोन पानांवर आली. एका सोमवारी बघतो तर सगळी आडवी! पानं हिरवीच होती, पण जमिनीलगत खोड सुतासारखं बारीक होऊन कुजलेलं. मला रडू आलं. सरांनी एक रोप उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "पाणी पाजलंस का बुडवलंस रं?" एवढंच विचारलं. मग सगळ्यांना खाली बसवून माती चिवडायला लावली. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, ओल हटली नाही की बुरशी कोवळ्या रोपाची मानच धरते, हे त्या दिवशी बोटांना कळलं. दुसऱ्या खेपेला गादीवाफा केला. १ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच, शेणखत घालून. उंची फूटपट्टीनं मोजली. बी ओळीत, नखभर खोल. पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघायचं. आजही घरच्या कुंड्यांना मी तसंच पाणी घालतो.

वांगी हाती यायला पुढं कितीतरी दिवस गेले. मेथीनं मात्र आम्हाला ताटकळत ठेवलं नाही. बी रात्रभर भिजवून टाकलं की चार-पाच दिवसांत उगवण, आणि महिन्याभरात काढणी. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी तीन विटांची चूल मांडली. मुलांनी भाजी निवडायची आणि भाकरी करायची, मुलींनी चूल पेटवायची आणि पाणी आणायचं, असा त्यांचा दंडक. त्या काळी ही वाटणी ऐकून काही घरांतून कुरकुर झाली, पण बाई बधल्या नाहीत. आमच्या वर्गातल्या एकीची आजी भाकरी शिकवायला आली होती. "ज्वारीला चिकटपणा नसतोय लेकरा, कढत पाण्यात मळ, आणि तळव्यानं रेट," असं ती सांगत होती. माझी पहिली भाकरी काठाला चिरली. आजीनं चिरा बोटानं लिंपल्या आणि ती तव्यावर टाकली.

लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत भिजवलेली मूगडाळ पडली, वर पातेलं भरून मेथी. तो ढीग बघून मी मूठभर मीठ उचललं. बाईंनी मनगट धरलं. "आधी बसू दे. मीठ भाजी बसल्यावर." पाच मिनिटांत ढीग तळाला गेला. देठं आणि मुळं खताच्या खड्ड्यात टाकून मगच आम्ही पंगतीला बसलो. घरी मेथी ताटात बाजूला सारणारी आमची पोरं त्या दिवशी पातेलं पुसून खात होती. पुढं आईबरोबर कपिलतीर्थ मंडईत गेलो की मी जुडीची मुळं आणि पानं बघून ती आजची की कालची ते सांगायचो, आणि आई माझंच ऐकायची.

गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. हौदामागं आता सायकल स्टँड आहे. पण पश्चिमेच्या भिंतीलगतची पट्टी मोकळी आहे आणि सकाळचं ऊन तिथं चांगलं येतं. चार वाफे सहज निघतील. मुख्याध्यापकांनी होकार दिला तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, शेणखत आणि मेथीचं बी मी घेऊन येतो. चुलीच्या विटाही आणतो.