माझ्याच हाताने जोडलेला संदर्भ

एका कार्यकर्तीवरच्या विकिपीडिया लेखावर दोन वर्षे माझी नजर होती आणि त्या लेखाची तटस्थता आपण बऱ्यापैकी सांभाळली आहे, अशी माझी समजूत होती. एका सकाळी लेखाच्या चर्चा पानावर तीन वाक्ये उमटली आणि ती समजूत तिथेच संपली. ‘मला कधीही शिक्षा झालेली नाही. खटला उभा राहण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. हे वाक्य आपण कोठून घेतले?’ खाली त्याच कार्यकर्तीचे नाव होते.

हा लेख शांत कधीच नव्हता. एका गटाला पहिल्याच ओळीत ‘लढाऊ पर्यावरणरक्षक’ हवे होते, तर दुसऱ्याला ‘विकासविरोधी आंदोलक’. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे संपादन उलटवू नये, हा नियम एकदा दोन्ही बाजूंनी एकाच दुपारी मोडला आणि प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना, पान काही दिवस संपादनासाठी बंद ठेवावे लागले. त्यानंतर मी मध्ये पडले. विशेषणे काढली, प्रत्येक मत ज्याचे त्याच्या नावावर टाकले, ‘दावा केला’ आणि ‘कबूल केले’ यांच्या जागी सरळ ‘म्हटले’ असे लिहिले. कारण ‘दावा केला’ म्हणताच बोलणाऱ्यावरचा अविश्वास वाक्याला चिकटतो आणि ‘कबूल केले’ म्हणताच गुन्हा गृहीत धरला जातो. दोन्ही गट माझ्यावर नाराज झाले, आणि दोघेही नाराज आहेत म्हणजे लेख समतोल असणार, असा सोयीस्कर निष्कर्ष मी काढला.

वादातले वाक्य असे होते: जमाव भडकावल्याच्या आरोपावरून त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याला एका प्रतिष्ठित दैनिकातील मोठ्या व्यक्तिचित्रणाचा संदर्भ जोडलेला होता. विकिपीडिया स्वतः सत्यशोधन करत नाही, विश्वासार्ह प्रकाशित स्रोतांत जे आहे ते मांडतो, असे उत्तर माझे अर्धे टंकूनही झाले होते. असे उत्तर अनेकांना दिल्याने ते मला तोंडपाठ आहे. तेवढ्यात त्यांनी न्यायालयाच्या आदेशाचा दुवा दिला, आणि माझा हात थांबला.

खरी अडचण त्या आदेशानेच उभी केली. जिवंत व्यक्तींच्या चरित्रलेखांत न्यायालयीन कागदपत्रांचा थेट आधार घेऊन विधाने करू नयेत, असे धोरण सांगते, आणि ते योग्यच आहे. आदेश वाचून त्याचा अर्थ लावणे हे संपादकाचे काम नव्हे, शिवाय तो कागद अस्सल आहे की नाही आणि लिहिणारी व्यक्ती खरोखर तीच आहे की नाही, हे चर्चा पानावर ठरवता येत नाही. म्हणजे छापील वाक्य खोटे असण्याची दाट शक्यता असूनही ते लेखात राहणार आणि खरे असण्याची शक्यता असलेला कागद बाहेर राहणार, असा प्रकार झाला असता. त्यातच आदेशात इतर आरोपींची नावे आणि पत्तेही होते. तेव्हा सर्वांत आधी मी प्रचालकांना विनंती करून त्या दुव्याची आवृत्ती पानाच्या इतिहासात झाकून घेतली, आणि ओळख पटवण्यासाठी स्वयंसेवकांच्या पथकाला ईमेल करण्याचा मार्ग त्यांना कळवला.

मग मी इतिहास उघडला. लेखाची प्रत्येक आवृत्ती तारीख-वेळेसह जपलेली असते, त्यामुळे कोणते वाक्य केव्हा आले हे शोधायला चिकाटी लागते, हुशारी नव्हे. शिक्षेचे वाक्य एका अनामिक वापरकर्त्याने कोणताही संदर्भ न देता घातले होते. दुसऱ्या कोणी त्यावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली होती. दैनिकातील व्यक्तिचित्रण प्रसिद्ध झाले ते त्यानंतर सात आठवड्यांनी. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. दैनिकातील एका परिच्छेदाचा क्रम आमच्या लेखाचाच होता, आणि आमच्याकडच्या कोणा संपादकाची एक अवघडलेली शब्दयोजनाही तशीच तिथे उतरली होती. बातमीदाराने आमचा लेख वाचून लिहिले होते आणि आम्ही त्याच्या लिखाणाचा आधार देत होतो. ‘संदर्भ हवा’ ही खूण काढून तो संदर्भ जोडणारे सदस्यनाव माझे होते. संपादन-सारांशात मी मोठ्या समाधानाने लिहिले होते, ‘विश्वासार्ह संदर्भ दिला’.

असे वर्तुळ विकिपीडियाला नवीन नाही. २००८ साली एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या इंग्रजी लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे मनचे टोपणनाव घातले. ते वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत पोचले आणि मग त्यांचाच दाखला लेखात आला. खरा प्रकार २०१४ साली बाहेर आला. कोआटी तक्रार करायला चर्चा पानावर येत नाही, एवढाच काय तो फरक.

आंदोलनाच्या काळातील बातम्या मी त्या दिवशी एकेक करून चाळल्या. अटक सगळीकडे होती, जामीन दोन ठिकाणी होता, शिक्षा कोठेही नव्हती. मग इतक्या भांडखोर लेखात हे वाक्य दोन वर्षे कसे टिकले? उत्तर लाजिरवाणे आहे: ते दोन्ही गटांच्या सोयीचे होते. विरोधकांना त्यात गुन्हेगारी दिसत होती आणि समर्थकांना तुरुंगवासाचे तेज. विशेषणांवर रात्ररात्र भांडणाऱ्यांपैकी एकानेही या विधानाकडे बोट दाखवले नाही, आणि ज्यावर भांडण होत नाही ते तपासायचे कशाला, असे मलाही वाटत राहिले. तटस्थता म्हणजे दोन गटांमधील मधली रेघ नव्हे, स्रोतांशी इमान आहे, हे मी नव्या संपादकांना सांगत असे. स्वतः मात्र गटांकडे बघून मोजमाप करत होते.

वाक्य काढताना पुराव्याची गरज पडली नाही. खटला मागे घेतला गेला हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझी किंवा त्यांची नव्हती. शिक्षा झाली हे ज्याला ठेवायचे आहे, त्याने ते दाखवायचे होते. जिवंत व्यक्तीविषयीचा, आधार कच्चा असलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढावा, हे धोरण उगाच आलेले नाही. २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सिगेंथालर यांच्या चरित्रलेखात केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध सुचवणारा बनावट मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ राहिला होता.

अटकेचे काय करायचे, यावर मात्र सहसंपादकांशी बराच वाद झाला. एकाचे म्हणणे होते की प्रकरणच वगळावे. मला ते पटले नाही, कारण अटकेची बातमी तेव्हा अनेक स्वतंत्र वृत्तपत्रांनी ठळकपणे दिली होती. पण नुसती अटक लिहून पुढे गप्प बसलो, तर उरलेली शिक्षा वाचक मनातच भरून टाकतो. अखेर एका मासिकातील त्यांची जुनी मुलाखत सापडली, आणि अटक व जामिनानंतर ‘खटला पुढे मागे घेण्यात आल्याचे त्यांनी सांगितले आहे’ असे त्यांच्याच नावावर लिहिता आले.

संध्याकाळी त्या कार्यकर्तीचा दुसरा संदेश आला. त्यात आभार होते आणि आणखी एक मागणी: संस्थेच्या हिशेबांवर एका जुन्या सहकाऱ्याने केलेली टीकाही काढावी. ती टीका दोन स्वतंत्र वृत्तपत्रांनी स्वतः चौकशी करून, त्यांचे म्हणणेही विचारून छापली होती. दोन्ही बातम्या आमच्या लेखातील उल्लेखाच्या कितीतरी आधीच्या होत्या. या वेळी तारखा मी आधी पाहिल्या. ‘वाद’ असा जो वेगळा विभाग होता तो मी मोडला, टीका त्या-त्या वर्षांच्या कामाच्या वर्णनात नेली आणि त्यांचे छापून आलेले उत्तर तिच्या लगत ठेवले. टीका काढता येणार नाही, असे त्यांना कारणांसह कळवले. त्यावर त्यांचे उत्तर आले नाही.

दैनिकाकडे मी दुरुस्तीसाठी लिहिले, पण त्यांच्या पानावर ते वाक्य अजून आहे. महिन्याभराने एका नव्या सदस्याने तोच संदर्भ देऊन, चांगल्याच हेतूने, शिक्षा पुन्हा लेखात घातली. मी ती उलटवली, त्या जागी फक्त संपादकांना दिसेल अशी टीप ठेवली आणि त्या सदस्याच्या चर्चा पानावर दोन्ही तारखा लिहिल्या.